मतदार, सदसद्विवेक आणि तिसरे अपत्य

निवडणुका जवळ आल्या की आपल्या धर्मग्रामांत एक आयात केलेला प्रश्न फिरू लागतो : गर्भपाताला मान्यता देणाऱ्या उमेदवारास कॅथोलिक माणसाने मत द्यावे काय? प्रश्न खोटा नाही. पण त्याचे घर अमेरिकेत आहे. तेथे या एका प्रश्नावर दोन मोठे पक्ष समोरासमोर ठाकलेले असतात. २००४ साली जॉन केरी अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा त्यांना पवित्र कम्युनियन द्यावे की नाही यावर तेथील बिशपांतच वाद माजला. २०२४ च्या सप्टेंबरात पोप फ्रान्सिस यांनी, स्थलांतरितांना हाकलणारा आणि गर्भपाताला पाठिंबा देणारी असे दोन्ही उमेदवार जीवनाच्या विरोधातच उभे आहेत, त्यांतील कमी वाईट कोण हे ज्याचे त्याने सदसद्विवेकबुद्धीने ठरवावे, असे सांगितले.

नागपूरच्या मतदाराने हीच फूटपट्टी उचलली तर मोजायला त्याच्यापुढे काही उरत नाही. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली काँग्रेसच्या राजवटीत झाला. पन्नास वर्षांनी, २०२१ साली, भाजपच्या राजवटीत त्याची कक्षा रुंदावली आणि काही विशिष्ट स्त्रियांसाठी मुदत वीस आठवड्यांवरून चोवीस आठवड्यांवर गेली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या पंगतीला शेजारी शेजारी बसतात.

हे ऐकून आपल्यातील पुष्कळ जण सुटकेचा निःश्वास टाकतात. निवडच नाही, तर विवेकाला कशाला शिणवायचे? मग मत जाते ते दफनभूमीची भिंत बांधून देणाऱ्याकडे, नाहीतर शाळेच्या अनुदानाचे काम करून देणाऱ्याकडे. या मागण्या क्षुद्र आहेत असे आम्ही म्हणत नाही. मृतांच्या विश्रांतीची काळजी वाहणे हे दयेचेच कृत्य आहे. पण मृतांसाठी चार वेळा महापालिकेची पायरी चढणारा समाज अजात बालकांसाठी एकदाही चढत नाही, याला काय म्हणावे?

कारण आपल्याकडे हा प्रश्न दिल्लीच्या नव्हे, तर वॉर्डाच्या निवडणुकीत येतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर ज्याच्या घरी तिसरे अपत्य जन्मले, त्याला ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निवडणूक लढविण्यास अपात्र ठरविणारा नियम महाराष्ट्राने केला. म्हणजे आपण विवेकाने निवड करू बसण्यापूर्वीच यादीतून काही नावे गळालेली, आणि तीही अपराधासाठी नव्हे, जन्मासाठी! ज्या घरी पद हवे आहे आणि तिसऱ्यांदा दिवस गेले आहेत, त्या घरातील स्त्रीवर हा नियम कोणते ओझे टाकतो याचा विचार आपण कधी केला आहे काय? आणि ज्या घराला मुलगाच हवा आहे, तेथे दोनच संधी उरल्या की दुसऱ्या खेपेस सोनोग्राफीचा मोह किती बळावत असेल? २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. २०११ साली ८९४ उरल्या. बीड जिल्ह्यात तर अवघ्या ८०७. याचा सारा दोष त्या नियमावर लादणे अन्यायाचे होईल. हुंड्याची आणि वंशाच्या दिव्याची हाव त्याहून फार जुनी आहे. तथापि त्या हावेच्या हाती कायद्याने काठी देण्याचे कारण नव्हते.

दुसरी गोष्ट गर्भलिंगनिदानाच्या बंदीची. या बाबतीत महाराष्ट्र देशाच्या पुढे होता. १९८८ सालीच त्याने कायदा केला, केंद्राचा १९९४ साली आला. शहरात या कायद्याची अंमलबजावणी महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे असते आणि त्याला सभागृहात जाब विचारू शकतो तो आपला नगरसेवक. वाईट कायदा रद्द करता येत नसेल, तर त्याची हानी कमी करणाऱ्या उपायास लोकप्रतिनिधीने पाठिंबा देणे योग्यच आहे, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या जीवनविषयक परिपत्रात लिहून ठेवले आहे. ती वाट आपल्यापुढे मोकळी आहे. २०२२ च्या जानेवारीत शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, आर्वीला, एका खाजगी रुग्णालयाच्या आवारातील गोबर गॅसच्या खड्ड्यातून अर्भकांच्या कवट्या आणि हाडे निघाली. प्रकरण उघडकीस आले ते एका अल्पवयीन मुलीच्या गर्भपातामुळे. त्या मुलीचे जीवनही आपल्या ‘जीवनाच्या बाजूने’ या घोषणेत मोडते, हे येथे सांगावे लागते याचा आम्हांला खेद वाटतो.

आपण मूठभर, आपले कोण ऐकणार, ही सबब ठरलेलीच. राज्यात ख्रिस्ती लोकसंख्या शेकडा एकही नाही, हे खरे. पण आंध्र प्रदेशाने असाच दोन अपत्यांचा नियम २०२४ साली मोडीत काढला. तेथे कारण जन्मदर घटण्याच्या भीतीचे होते, धर्माचे नव्हे. तेव्हा ही मागणी केवळ चर्चची आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. वॉर्डातल्या सोनोग्राफी केंद्रांची तपासणी शेवटची केव्हा झाली? तिसऱ्या मुलाच्या आईला उमेदवारी का नाकारता? प्रचारासाठी दारात आलेल्यांना आपण चहा देतोच. तो उकळेपर्यंत हे दोन प्रश्न सहज विचारून होतात.