भंडारदऱ्यात माणसांचीही पातळी मोजा

पावसाळा लागला की नगर जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत एक चौकट रोज येते : भंडारदरा, आज इतके दशलक्ष घनफूट. पाणलोटातल्या घाटघरला रात्रीत किती मिलिमीटर कोसळला, रतनवाडीला किती, हे संगमनेर-श्रीरामपूरचा ऊसकरी सकाळच्या चहाबरोबर वाचतो. धरण भरतं ११,०३९ दशलक्ष घनफुटांना. पाण्याच्या बाबतीत इतक्या काटेकोर असलेल्या या तलावाच्या काठी माणसं किती मावतात, हा आकडा मात्र कुठल्याच चौकटीत दिसत नाही.

प्रवरेवरच्या या दगडी धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी त्याचं उद्घाटन केलं. म्हणजे २०२६ हे त्याचं शताब्दी वर्ष. तलाव माणसाने बांधलेला, पण त्याच्याभोवती रतनगड, अलंग-मदन-कुलंग आणि कळसूबाईची भिंत अशी उभी आहे, की बघणाऱ्याला ते खरं वाटू नये. १९८६ साली हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आला. इथे शेकरू आहे, हिरडा-बेहडा आहे आणि महादेव कोळी व ठाकरांच्या वाड्या आहेत. या वाड्यांच्या वाट्याला शंभर वर्षांत काय आलं? पाणी खाली गेलं, उसाला. वर उन्हाळ्यात हंडे रिकामेच. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

आता धरणाकाठी दुसरं पीक आलंय, पर्यटकांचं. मेअखेर वळवाचे ढग जमू लागले की सादडा, जांभूळ, उंबर, हिरड्यावर काजवे लखलखू लागतात, आणि शनिवारी संध्याकाळी पुण्या-नगरकडच्या गाड्या राजूरमार्गे, मुंबई-नाशिककडच्या घोटी-बारीमार्गे धरणाकाठच्या शेंडी गावाच्या दिशेने धावू लागतात. काजव्याची चमक म्हणजे नराने मादीला घातलेली साद. प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं. नेमक्या त्याच रात्री हेडलाइट, मोबाइलच्या बॅटऱ्या आणि तंबूंपाशी लावलेले स्पीकर. झाडाखालच्या ज्या ओलसर पाचोळ्यात अंडी घातली जायची, तिथेच गाड्या लावलेल्या असतात. काजवे पाहायला येऊन अंधारच मारून टाकण्याची ही तऱ्हा अजब म्हणायची.

माणसांचा आकडा ठरवता येतो, हे इतरांनी दाखवलंय. कॅनडातल्या ऑन्टारियोत क्वेटिको नावाचं उद्यान आहे. सूचिपर्णी जंगलात विखुरलेले शेकडो तलाव. तिथल्या तलावांवर मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी प्रत्येक प्रवेशद्वारावर रोज किती गट सोडायचे ते ठरलेलं असतं, आणि एका मुक्कामाच्या जागी नऊपेक्षा जास्त माणसं चालत नाहीत. डबे-बाटल्या नेता येत नाहीत. मोटारबोटींना बंदी आहे, पण लॅक ला क्रॉइ इथल्या मूलनिवासी वाटाड्यांना काही तलावांवर मर्यादित मुभा आहे. बंधन पाहुण्याला आणि सवलत घरच्याला, हा त्यातला घेण्यासारखा भाग.

इतक्या लांब जायचं नसेल तर साताऱ्याचं कास आहेच. २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत गेलेल्या या पठारावर फुलांच्या हंगामात रोज तीन हजारांची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आहे. कारभारात आसपासच्या गावांच्या वनसमित्या आहेत. सुट्टीला तिथेही मर्यादा मोडते, हे खरं. पण मोडायला आधी ती असावी तरी लागते!

गर्दी घटली तर तंबूवाल्या पोरांचं काय, हा प्रश्न रास्तच आहे. पिठलं-भाकरीवर चार पैसे मिळवणाऱ्या घरावर वार करून जंगल वाचत नाही. पण आज कमाई एकवटते ती काजव्यांच्या आणि धबधब्यांच्या काही शनिवार-रविवारी. नोंदणी लावली तर तीच माणसं आठवडाभर विखुरतील. नोंदणीच्या शुल्काचा ठरलेला हिस्सा गावाकडे वळला, तर बंधन पाळलं जातंय का, यावर गावच लक्ष ठेवील.

शताब्दीला कोनशिला बसतील, भाषणं होतील. वनखात्याने आणि अकोले तालुक्यातल्या लोकप्रतिनिधींनी त्यासोबत एवढं करावं : काजव्यांच्या पुढच्या हंगामाआधी रात्रीच्या वाहनांचा आणि तंबूंचा आकडा ठरवावा, आणि तो ठरवताना घाटघर, साम्रद, रतनवाडी, उडदावणे, मुतखेल, पांजरे या गावांच्या ग्रामसभांना आधी विचारावं.