रिकाम्या मशीनमध्ये पाणी आलं कुठून?

रात्री रिकामं करून ठेवलेलं कपड्यांचं मशीन सकाळी उघडावं आणि ड्रमच्या तळाशी चांगलं तांब्याभर पाणी दिसावं! आमच्याकडे लागोपाठ तीन दिवस असं झालं. माझा पहिला संशय कामाच्या मावशींवर. "मावशी, पाणी पूर्ण जायच्या आधीच मशीन बंद करता वाटतं?" मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं. "नाही हो वहिनी," एवढंच म्हणून त्या गप्प बसल्या. मेकॅनिकला फोन केला, तर तो न बघताच म्हणाला, "बोर्ड गेला असेल, बदलावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून हे म्हणाले, "मग नवीनच घेऊ या की!"

म्हटलं, थांबा. आधी पाणी येतंय कुठून ते तर पाहू. मशीनमध्ये पाणी शिरायच्या वाटा दोनच. एक नळाकडून येणारी, दुसरी मोरीकडे जाणारी.

त्या रात्री मशीनमधलं पाणी काढून टाकलं, ड्रम पुसला आणि मशीनचा नळ घट्ट बंद केला. सकाळी ड्रम कोरडा! म्हणजे पाणी नळाकडूनच येत होतं. नळ बंद असूनही पाणी दिसलं, तर ते सांडपाण्याच्या नळीतून उलटं आलं असं समजावं. हे पाणी बहुधा गढूळ असतं, त्याला वासही येतो. नळी सिंकच्या पाइपला जोडलेली असेल, तर भांडी विसळलेलं पाणीसुद्धा मशीनमध्ये येऊ शकतं. समोर दार असलेल्या मशीनची ही नळी दोन-अडीच फूट उंच नेऊन मग खाली सोडावी. तिचं तोंड पाइपात फार खोल खुपसू नये.

दुसऱ्या रात्री नळ सुरू ठेवला, पण प्लग काढून टाकला. सकाळी पुन्हा पाणी! विजेशिवाय पाणी येतंय, म्हणजे दोष पाणी आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा. प्लग काढल्यावर पाणी थांबलं असतं, तर मात्र बोर्डाचा संशय घेता आला असता.

या व्हॉल्व्हमध्ये रबराचा एक पडदा असतो. वीज मिळाली की तो उघडतो. वीज थांबली की स्प्रिंग आणि पाण्याचा दाब मिळून त्याला बंद करतात. मध्ये वाळूचा कण किंवा क्षार अडकला की तो नीट मिटत नाही. टाकी फार उंचावर नसेल आणि पाण्याला जोर नसेल, तरीही असं होतं. सेकंदाला एक थेंब गळला, तरी आठ तासांत जवळजवळ दीड लिटर पाणी साठतं!

पुढं काय करायचं? प्लग काढावा, नळ बंद करावा, खाली बादली ठेवावी आणि मशीनच्या मागची नळी सोडवावी. तोंडाशी बारीक जाळी असते. ती पकडीनं हलकेच ओढून जुन्या टूथब्रशनं धुवावी. आमची जाळी फाटलेली निघाली. आठवड्यापूर्वीच टाकी धुतली होती, तेव्हाचा गाळ आत गेला असणार. जाळी धुऊनही गळती राहिली, तर व्हॉल्व्ह खरवडत बसू नये, आख्खा बदलून घ्यावा. आमचा तसाच बदलला. बोर्डाच्या मानानं खर्च कितीतरी कमी आला.

आता कपडे धुऊन झाले की मशीनचा नळ बंद करायचा, हा आमच्या घरातला नियम झालाय. नळी फुटून घरभर पाणी होण्याची भीतीही त्यानं टळते.

आणि हो, मावशींना मी स्वतःहून सांगितलं, "चूक तुमची नव्हती हो, व्हॉल्व्हची होती." त्या हसल्या. "मी तेव्हाच म्हटलं होतं की वहिनी!" मैत्रिणींनो, व्हॉल्व्ह तासाभरात बदलून झाला. ते एक वाक्य बोलायला मात्र मला दोन दिवस लागले!