चित्रांच्या कपाटाची किल्ली

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मुलाबाळांच्या शिक्षणाविषयीची पत्रे पुष्कळ असतात. डॉक्टरकी करावी की इंजिनियरिंग, कॉमर्सला जावे की संगणकाकडे, हे प्रश्न आता पाठ झाले आहेत आणि त्यांची उत्तरेही. पण यंदा दिवाळीच्या तोंडावर एका मातोश्रींचे पत्र आले आणि ते मी दोनदा वाचले. त्यांच्या मुलीने चित्रकलेची पदवी घेतली. घरच्यांनी त्या धक्क्यातून कसेबसे स्वतःला सावरले, तोच कन्यारत्न म्हणते, “मला चित्रकार व्हायचे नाही, कलाग्रंथपाल व्हायचे आहे.” तीर्थरूपांचे म्हणणे असे की, नुसत्या रंगांनी पोट भरणार नव्हते, ते आता रंगांवरच्या पुस्तकांनी भरणार काय? मातोश्री समंजस आहेत. त्यांनी दोनच प्रश्न विचारले आहेत : असा काही व्यवसाय असतो का? आणि असला, तर त्यात शिरायचे कसे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. असतो. ब्रिटनमध्ये कलाग्रंथपालांनी आपली संघटना १९६९ साली काढली, उत्तर अमेरिकेत १९७२ साली. आपल्याकडे पाटीवर हे नाव क्वचित दिसते, पण काम मात्र पुष्कळ जागी पडून आहे.

आता हे काम म्हणजे काय, ते आधी पाहू. ग्रंथपाल म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कादंबरी बदलून देणारे, चष्म्याच्या वरून पाहणारे गृहस्थ येतात. कलाग्रंथपालाच्या कपाटात पुस्तके असतातच. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात त्यांना ७०० चे घर आहे. पण त्याचा खरा संसार पुस्तकांबाहेरचा. प्रदर्शनाची चार पानी सूची, उद्घाटनाचे निमंत्रणपत्र, चित्रकाराची पत्रे, काचेच्या स्लाइडी, वर्तमानपत्रांतली कात्रणे, लिलावांच्या याद्या, पोस्टरे. इतरांच्या लेखी ही रद्दी. पण एखादे चित्र कोणत्या साली काढले, प्रथम कोठे टांगले, कोणी विकत घेतले, याचा पुरावा बहुधा याच रद्दीत असतो.

याचे मोल पैशांतच मोजायचे असेल, तर एक ताजे उदाहरण घ्या. हुसेन यांचे १९५४ सालचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र एका परदेशी डॉक्टरने दिल्लीत असताना विकत घेतले आणि पुढे ते नॉर्वेतल्या ऑस्लो शहरी एका रुग्णालयाच्या भिंतीवर वर्षानुवर्षे राहिले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलर आले. अशा सौद्यात पहिला प्रश्न असतो तो चित्राच्या कुळीचा. आणि चित्राची कुळी सांगणारे कागद कोणीतरी जपलेले असावे लागतात.

पैशांची गोष्ट सोडली, तरी अजिंठ्याची गोष्ट विसरता येत नाही. मेजर रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे गुहांत बसून तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्म झाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तेच काम पुन्हा करू लागले. पेस्तनजी बोमनजींसारखे आपले तरुण चित्रकार त्यांत होते. त्याही प्रतिकृती लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या कितीतरी जळाल्या. पुढे १८९६-९७ साली ग्रिफिथ्स यांचे दोन प्रचंड खंड छापून निघाले. आगीत गेलेल्या चित्रांचे रूप पाहायचे, तर असे खंडच उघडावे लागतात. ते उभे ठेवले तर पाठ मोडते, आडवे ठेवले तर जागा खातात, आणि दमट हवेत पाने एकमेकांना चिकटतात. ते नीट ठेवणे, मागणाऱ्याला दाखवणे आणि दाखवूनही शाबूत राखणे, हे कलाग्रंथपालाचे काम. आता तीर्थरूपांनीच सांगावे, हे रिकामपणचे काम आहे का?

आता दुसरा प्रश्न, शिरायचे कसे.

प्रथम शिक्षण. कोणत्याही शाखेची पदवी असली की ग्रंथालयशास्त्राच्या एका वर्षाच्या पदवीला जाता येते. त्यानंतर आणखी एका वर्षात पदव्युत्तर पदवी होते. मुंबई आणि पुणे विद्यापीठांत, तसेच श्रीमती नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठात हे शिक्षण मिळते. आपल्या देशातला या विद्येचा पहिला वर्ग १९११ साली बडोद्यास भरला, तोही सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने, अमेरिकेहून बोलावलेल्या बोर्डनसाहेबांच्या हाताखाली. तेव्हा मराठी घराला ही विद्या परकी मानण्याचे कारण नाही. महाविद्यालयात कायम जागा हवी असेल, तर पदव्युत्तर परीक्षेत साधारणपणे ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही परीक्षा, अथवा नियमात बसणारी पीएच.डी., इतकी तयारी लागते. एवढे झाले की महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला साहाय्यक प्राध्यापकाचीच वेतनश्रेणी लागू होते. सातव्या आयोगाप्रमाणे तिचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. हा आकडा तीर्थरूपांना जेवणानंतर, सुपारी कातरत असताना सांगावा.

मात्र खरे ते सांगितले पाहिजे. कायम जागा थोड्या असतात, भरतीला वर्षे लागतात, आणि नुसत्या ‘कलाग्रंथपाल पाहिजे’ या जाहिरातीची वाट पाहणारा वाट पाहत बसतो. म्हणून माझी पहिली सूचना अशी की पदाचे नाव शोधू नका, कागदांचा ढीग शोधा. जिथे चित्रे, आराखडे, छायाचित्रे आणि त्यांवरची पुस्तके साठली आहेत, तिथे आज ना उद्या ती लावणारे माणूस लागतेच. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ग्रंथालयाला ‘नॉलेज मॅनेजमेंट सेंटर’ म्हणतात, फॅशनचे शिक्षण देणाऱ्या निफ्टमध्ये ‘रिसोर्स सेंटर’. खाजगी संग्रहात त्याच कामाला ‘आर्काइव्ह असिस्टंट’ किंवा ‘डॉक्युमेंटेशन’ अशी नावे पडतात. जाहिरात शोधताना ही सगळी नावे टिपून ठेवावीत.

जागा कोणत्या? मुंबईत १८५७ सालची जे. जे. कलाशाळा आहे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १९९६ साली कावसजी जहांगीर सभागृहात उघडलेली आधुनिक कलेची राष्ट्रीय गॅलरी आहे. वास्तुकलेची आणि डिझाइनची महाविद्यालये तर आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. दिल्लीस ललित कला अकादमी आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्र. या केंद्राच्या ‘कलानिधी’ विभागात पुस्तके, हस्तलिखितांच्या सूक्ष्मपटप्रती आणि स्लाइडी यांचा मोठा साठा आहे. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूटच्या कला-पुरातत्त्व केंद्रात देवळांच्या आणि शिल्पांच्या छायाचित्रांचा संग्रह आहे. बंगळुरात २०२३ साली कला आणि छायाचित्रण यांचे नवे संग्रहालय उघडले. हाँगकाँगच्या ‘एशिया आर्ट आर्काइव्ह’ची शाखा दिल्लीत आहे, बडोद्याच्या चित्रकारांची खाजगी कागदपत्रे संगणकावर आणण्याचे काम या संस्थेने केले आहे. शिवाय लिलावगृहे आणि मोठ्या गॅलऱ्या आहेत. सरकारी जागांसाठी ‘रोजगार समाचार’ आणि त्या त्या संस्थेचे संकेतस्थळ दर आठवड्याला पाहण्याची सवय ठेवावी, देवपूजेइतकी नियमित.

दुसरी सूचना, हाताला वळण लावा. चित्रकाराचे नाव हा या धंद्यातला पहिला चकवा. ‘एम. व्ही. धुरंधर’, ‘महादेव विश्वनाथ धुरंधर’, ‘रावबहादूर धुरंधर’ हे तिघे एकच. नोंद करणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर एका माणसाचे तीन होतात आणि शोधणाऱ्याच्या हाती एकतृतीयांश धुरंधर लागतो. अमेरिकेच्या गेटी संस्थेने कलावंतांच्या नावांची एक मोठी यादी आणि कलाविषयक संज्ञांचा एक कोश तयार केला आहे. दोन्ही संगणकावर विनामूल्य पाहता येतात. देवघरातली रविवर्म्यांची लक्ष्मी हे ‘चित्र’ खरेच, पण ते हाताने रंगवलेले की शिळेवर छापलेले, हे नोंदीत लिहावे लागते. ते कसे लिहायचे, हे असे कोश शिकवतात. जोडीला जुना कागद हाताळणे, प्रती काढताना पानाची पाठ न मोडणे, आणि हक्कांचा कायदा. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. धुरंधर १९४४ साली गेले, त्यांची चित्रे आता मोकळी आहेत. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, त्यांची नाहीत. छापायला चित्र मागणाऱ्याला हे एका वाक्यात सांगता आले, की मुलाखत घेणारे खुर्चीत सावरून बसतात.

तिसरी सूचना मी मराठीचा मास्तर म्हणून करतो, आणि ती पक्षपाताने करतो असे कोणी म्हणाले तरी चालेल. आपल्या मुलीची मोठी पुंजी म्हणजे तिचे मराठी. धुरंधरांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे पुस्तक मराठीत लिहिले. दृश्यकलेवरचा चरित्रकोश सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी प्रथम मराठीत सिद्ध केला. मुंबईच्या चित्रकलेवर प्रबंध लिहिणारे लंडन-न्यूयॉर्कचे पंडित या कागदांपाशी येऊन थबकतात. त्यांना वाट दाखवणारे माणूस लागते. त्यावर मोडी वाचता आली, तर संस्थानी दप्तरांतले कारागिरांचे हिशेबही उलगडतील.

तेव्हा नोकरी मिळेपर्यंत घरी बसून उसासे टाकण्याऐवजी तिने एक लहानसे काम हाती घ्यावे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ साली काढला, तेव्हापासून आपल्या दिवाळी अंकांनी चित्रे घरोघर पोचवली. दलालांची ‘दीपावली’, मुळगावकरांची ‘रत्नप्रभा’ यांच्या मुखपृष्ठांनी दोन पिढ्यांची नजर घडवली. पण ग्रंथालयांत अंकांची बांधणी करताना मुखपृष्ठे आणि जाहिराती काढून टाकण्याची एक जुनी रीत होती. मजकूर राहिला आणि चित्र गेले. तिने जवळच्या एखाद्या ग्रंथसंग्रहालयात जाऊन, परवानगी काढून, दहा वर्षांच्या दिवाळी अंकांची चित्रसूची करावी : चित्रकार, साल, माध्यम, आकार, कोणते मुखपृष्ठ आहे आणि कोणते हरवले. तीनशे नोंदींची स्वच्छ सूची हाती असलेला उमेदवार आणि नुसते प्रमाणपत्र हाती असलेला उमेदवार, यांत निवड करायला समितीला फार वेळ लागत नाही.

एक इशारा मात्र द्यायला हवा. या क्षेत्रात ‘प्रकल्प’ नावाचा प्रकार फार बोकाळला आहे. अकरा महिन्यांचा करार, आणि पुढे काय, तर ‘बघू’. असे काम एकदोनदा जरूर करावे, शिकायला मिळते. पण आत पाऊल टाकण्यापूर्वी विचारावे : पगार कोणत्या तारखेला? केलेल्या सूचीवर माझे नाव येईल का? काम संपल्यावर तसे पत्र मिळेल का? आणि ‘अनुभव मिळेल’ या एकाच मोबदल्यावर राबणे महिनाभराच्या पुढे नेऊ नये. संग्रह पुष्कळदा श्रीमंतांचे असतात. त्यांना अनुभव विकत घेता येतो.

परदेशी जाण्याची हौस असेल, तर तिकडे ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, आणि कलेतिहासाची दुसरी असली तर सोन्याहून पिवळे. न्यूयॉर्कच्या प्रॅट संस्थेत दोन्ही एकत्र करता येतात. खर्च मोठा असतो. तेव्हा आधी इथे दोन वर्षे काम करून, ही वाट आपली आहे की नाही ते पाहून मगच कर्जाच्या कागदावर सही करावी.

राहता राहिले तीर्थरूप. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि साऱ्या जगाने त्यांच्याकडून ही विद्या शिकावी इतके मोठे झाले. प्रत्येक मुलगी रंगनाथन होणार नाही, व्हायलाही नको. पण एखादा वृद्ध चित्रकार जातो, घर आवरायला निघते, आणि माळ्यावरची गाठोडी रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात, असे आपल्या शहरांत दर महिन्याला कोठे ना कोठे घडत असते. त्या वेळी जिन्यात उभे राहून “थांबा, आधी मला पाहू द्या” असे म्हणणारे कोणी हवे असते. काय पाहायचे, हे जिला कळते, अशी मुलगी तुमच्या घरात आहे. तिला दोन वर्षांची फी द्या आणि तिच्या खोलीत एक मोठे, आडव्या फळ्यांचे कपाट करून द्या. बाकीचे ती पाहील.