पाठभेद कीं रोग?

खांदेश्वर येथील आमच्या वाचकांस खारघर परकें नाहीं. मुंबईकडे निघालेल्या गाडीचें तें दुसरेंच स्थानक. तेथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोगसंशोधनसंस्थेनें २०१६ सालीं केलेलें एक काम प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें समजून घ्यावें असें आम्हांस वाटतें.

मनुष्याच्या पेशींत सुमारें ३०० कोटी अक्षरांची पोथी असते. एक प्रत आईकडची, एक बापाकडची. कर्करोग म्हणजे तिच्या नकलेंत मागाहून झालेली खाडाखोड. परंतु पिढीजात पाठभेद तर सर्वांच्याच पोथींत असतात, आणि ते बहुतेक निरुपद्रवी! गांठीची पोथी वाचतांना हे दोन निवडावे कसे? रुग्णाच्या निरोगी पेशीही सोबत वाचल्या तर प्रश्न बराचसा सुटतो, पण खर्च वाढतो. म्हणून संगणक जगांतील ज्ञात पाठभेदांची सूची लावतो; तींत सांपडेल तें वगळतो, उरेल तें संशयित धरतो. या सूचींत आपले लोक फार थोडे. त्यामुळें आजीकडून आलेला साधा वारसाही रोगाची खूण ठरे. आजकाल कित्येक औषधें गांठींतील विशिष्ट दोष पाहूनच दिलीं जातात. दोषच खोटा असेल तर पैसा जातो तो जातोच, रुग्णाचे मोलाचे दिवसही जातात.

खारघरच्या मंडळींनीं भारतीय रुग्णांच्या निरोगी पेशींच्या ६२ नमुन्यांवरून १,१४,३०९ पाठभेदांचा कोश रचला व तो सर्वांस विनामूल्य खुला केला. नेहमीची जागतिक सूची लावल्यावरही जिभेच्या कर्करोगाच्या भारतीय नमुन्यांत जे खोटे संशयित उरत, त्यांतले शेंकडा ४२ या कोशानें गाळले. पित्ताशयाचे ३३, गर्भाशयमुखाचे २८. अवघे ६२ नमुने! भांडारकर संस्थेनें १९१९ ते १९६६ या काळांत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तीही प्रांतोप्रांतींच्या पोथ्या ताडूनच. एकाच प्रांताची पोथी प्रमाण धरली असती तर इतरांचे पाठ चुकाच ठरले असते.

जानेवारी २०२५ मध्यें ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाची सुमारें १०,००० भारतीयांची माहिती संशोधकांस खुली झाली. असा नमुना देण्यास आमच्या मतें कोणीं कचरूं नये. मात्र एकाची पोथी वाचली कीं भावंडांची व मुलांचीही थोडी उघडते. तेव्हां सही करण्यापूर्वीं संमतिपत्र घरच्या मंडळींसमक्ष वाचावें, आणि माहिती कोणाच्या हातीं जाईल व पुढें नकार देतां येईल कीं नाहीं, हें स्पष्ट विचारावें.