यंत्र आपलं, कुलूप कंपनीचं

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत उपलब्ध केली आहेत. त्यातली बरीचशी म्हणजे छापील पानांची स्कॅन केलेली चित्रं. ॲमेझॉनच्या सहा इंची किंडल या वाचनयंत्रावर असं पान उघडलं की अक्षर मुंगीएवढं होतं. मोठं करावं तर प्रत्येक ओळीला पान इकडून तिकडे सरकवावं लागतं. चार पानांत माणूस कंटाळतो आणि पुस्तक तसंच राहतं.

त्याच यंत्रावर ‘कोरीडर’ नावाचा मुक्त प्रोग्राम चालवला, की चित्र पालटतं. तो पानाचे समास कापून टाकतो, पुसट शाई गडद करतो. शिवाय चित्रातल्या मोकळ्या जागा हेरून एकेक शब्द सुटा करतो आणि ते शब्द मोठ्या आकारात नव्या ओळींत मांडतो. त्याला मराठी वाचता येत नाही आणि या कामासाठी येण्याची गरजही नाही. आपली शिरोरेषा शब्दाला सलग बांधून ठेवते, त्यामुळे शब्द मधेच तुटण्याची भीती देवनागरीत कमीच. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ असलेला आवडीचा फॉन्टही त्यात घालता येतो. किंडलने स्वतःचा फॉन्ट टाकण्याची सोय 2018 मध्ये दिली खरी, पण तोवर जुनी झालेली यंत्रं तिला मुकली. माझ्या मते मराठी वाचकाला या यंत्राचा खरा उपयोग इथून सुरू होतो.

आणि नेमकी इथेच आडकाठी आहे. किंडलच्या आत लिनक्स आहे, म्हणजे जगभरच्या लोकांनी लिहून सर्वांसाठी खुली ठेवलेली प्रणाली. तिच्यावर ॲमेझॉनने स्वतःचा थर चढवला आणि त्याला कुलूप घातलं. पैसे मोजून यंत्र घेतलेल्या माणसाला त्यावर दुसरा प्रोग्राम चढवण्याची अधिकृत वाटच नाही. मग उरतो जेलब्रेक. सॉफ्टवेअरमधली फट शोधायची आणि तिच्यातून आत शिरायचं. 2025 च्या जानेवारीत ‘विंटरब्रेक’ नावाचा असा मार्ग निघाला. तो किंडलमधल्या दुकानाच्याच वाटेने आत जात होता. पुढच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत, कंपनीने ती फट बुजवली. मग कोणीतरी दुसरी शोधतं. वर्षानुवर्षं हेच चाललं आहे.

फटी बुजवल्या जातात, याबद्दल माझी तक्रार नाही. त्या बुजवल्याच पाहिजेत. जानेवारी 2021 मध्ये एका संशोधकाने दाखवून दिलं होतं, की ईमेलने पाठवलेल्या एका पुस्तकाच्या आडून किंडलचा ताबा घेता येतो आणि मालकाच्या खात्यातून खरेदीही करता येते. ॲमेझॉनने त्याला 18,000 डॉलरचं बक्षीस दिलं आणि दोष दुरुस्त केला. योग्यच केलं. पण यातून निर्माण झालेली विचित्र परिस्थिती पाहा. चोराला उपयोगी पडेल अशीच फट मालकालाही हवी असते, कारण त्याला दुसरं दारच ठेवलेलं नाही. मग सुरक्षिततेसाठी फर्मवेअर अद्ययावत ठेवावं, की स्वातंत्र्यासाठी जुनंच राहू द्यावं, अशा पेचात वाचक सापडतो. हा पेच तंत्रज्ञानाने घातलेला नाही. कंपनीच्या निर्णयाने घातला आहे.

याचा पुरावा कोबो. टोरांटोची ही कंपनी आज जपानच्या राकुटेनच्या मालकीची आहे. तिच्या वाचनयंत्रातही लिनक्सच. पण तिथे ठरावीक नावाची फाइल ठरावीक फोल्डरमध्ये ठेवून यंत्र पुन्हा सुरू केलं, की प्रोग्राम बसतो. कुठली फट शोधावी लागत नाही, कुलूप फोडावं लागत नाही. कोरीडर चालतो, ‘प्लेटो’ नावाचा दुसरा वाचक-प्रोग्रामही चालतो आणि कोबोचं पुस्तकविक्रीचं दुकानही सुरूच आहे. राउटरच्या जगात यंत्र असं खुलं होणं त्याहून आधी घडलं. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी या राउटरमध्ये लिनक्स असल्याचं 2003 मध्ये लोकांच्या लक्षात आलं, लिनक्सच्या परवान्याच्या अटींमुळे कंपनीला त्याचा कोड खुला करावा लागला आणि त्यातून 2004 मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली जन्माला आली. ती आजही जोमात आहे आणि कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले कितीतरी राउटर तिच्या आधारावर चालत आहेत.

‘हे सगळं चाचेगिरीसाठी,’ असा आक्षेप नेहमी येतो. पण कोरीडर कुलूपबंद विकतची पुस्तकं उघडतच नाही. ती जेलब्रेक केलेल्या किंडलवरही ॲमेझॉनच्याच प्रोग्राममध्ये उघडतात. पुस्तकाचं कुलूप तोडणं आणि यंत्राचं कुलूप उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकत्र कालवण्यात कंपन्यांचा फायदा आहे.

कायद्यातही हा गोंधळ दिसतो. अमेरिकेत डिजिटल कुलूप उघडण्यावर मुळात बंदी आणि दर तीन वर्षांनी त्यातून काही सवलती. 2010 मध्ये फोनना सवलत मिळाली, 2015 मध्ये टॅब्लेटना. पण ती बहुउपयोगी यंत्रांपुरती ठेवली गेली आणि निव्वळ पुस्तक वाचण्याचं यंत्र बाहेर राहिलं. आपला कायदा या बाबतीत अधिक समंजस आहे. 2012 च्या दुरुस्तीने आलेलं कॉपीराइट कायद्याचं कलम 65अ, हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतची कैद सांगतं. हेतू हा शब्द तिथे स्पष्ट आहे. स्वतःच्या यंत्रावर मुक्त प्रोग्राम चालवणाऱ्याचा असा हेतू नसतो.

पण गुन्हा नसणं वेगळं आणि हक्क असणं वेगळं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं. दुरुस्ती म्हटलं की सुटे भाग, सेवाकेंद्र, वॉरंटी डोळ्यांसमोर येतात. सॉफ्टवेअरचं काय? बॅटरी धड, पडदा धड, आणि केवळ कंपनीने अपडेट थांबवले म्हणून यंत्र अडगळीत, हे आता रोजचं झालं आहे. ज्या दिवशी कंपनी एखाद्या यंत्राचे अपडेट बंद करते, त्या दिवशी त्याचं कुलूप उघडण्याची अधिकृत सोय मालकाला मिळालीच पाहिजे. त्यानंतर सॉफ्टवेअरमुळे काही बिघडलं तर जबाबदारी मालकाची, हे मला मान्य आहे. पुस्तकांचं डिजिटल संरक्षण कंपनीने खुशाल तसंच ठेवावं.

तोवर ज्यांना हे करायचंच आहे, त्यांनी आधी आपलं मॉडेल आणि फर्मवेअरची आवृत्ती नीट पाहावी. चुकीची पद्धत वापरली तर यंत्राचा डबा होऊ शकतो. विमान मोड सुरू ठेवावा, नाहीतर रात्रीत अपडेट येऊन सगळं पूर्वपदावर जाईल. घरातलं जुनं, खातं आणि कार्ड न जोडलेलं किंडल असेल तर सुरुवात त्यावरच करावी. आणि नवं यंत्र घेणार असाल तर बाहेरचा प्रोग्राम त्यावर रीतसर चढवता येतो का, हे दुकानदाराला आधी विचारा.