नोकरी सांभाळून एम. ए.

मृगाच्या सरी कोसळू लागल्या, की आपल्याकडे प्रवेशांचा हंगाम सुरू होतो. बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलांनी कोठे जावे, कोणती शाखा घ्यावी, याविषयी सल्ला देणाऱ्यांची त्या दिवसांत वाण नसते. परंतु याच दिवसांत आणखी एक वर्ग मूकपणे अर्ज भरीत असतो. मामलेदार कचेरीतील कारकून, पतसंस्थेतील रोखपाल, प्राथमिक शाळेतील शिक्षिका, मुले हाताशी आल्यावर अर्धवट राहिलेले शिक्षण पुन्हा सुरू करू पाहणारी गृहिणी, ही सारी मंडळी एम. ए. किंवा एम. कॉम. करू इच्छितात, मात्र त्यांना नोकरी सोडता येत नाही आणि घरही दूर सारता येत नाही. त्यांना सल्ला देणारा सहसा कोणी भेटत नाही. भेटते ती जाहिरात. ‘घरबसल्या पदवी’ असे आश्वासन देणाऱ्या या जाहिरातींच्या गर्दीत योग्य संस्था कशी निवडावी, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. काटकसरीने साठवलेला पैसा आणि झोपेतून काढलेला वेळ असा दुहेरी ऐवज त्यात गुंतलेला असतो.

नोकरी करून शिकणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा वर्ग सकाळी भरवले, ते नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणूनच. मुक्तीपूर्वी कला शाखेच्या उच्च शिक्षणासाठी गोमंतकीय तरुणाला मुंबई, बेळगाव किंवा धारवाड गाठावे लागे आणि यांतील अनेकांनी दिवसा चाकरी करूनच पदव्या मिळवल्या. १९६२ साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही महाविद्यालये सुरू झाली, पुढे मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र पणजीत आले आणि १९८५ साली गोवा विद्यापीठ अस्तित्वात आले. आज मडगाव, फोंडा, साखळी येथील काही महाविद्यालयांतही पदव्युत्तर वर्ग आहेत. शिक्षण दाराशी आले हे खरे. परंतु हे वर्ग बहुतांशी भर दिवसा भरतात, नेमके त्याच वेळी ज्या वेळी नोकरदाराने आपल्या मेजापाशी असावयास हवे. सबब त्याची नजर दूरशिक्षणाकडे वळते, आणि सावधगिरीची गरजही तेथूनच सुरू होते.

संस्था निवडताना माणसे सहसा दोन गोष्टी विचारतात: नाव मोठे आहे काय, आणि शुल्क किती. हे प्रश्न अयोग्य नाहीत. पण ते शेवटी विचारावयाचे आहेत. पहिला प्रश्न पदवीच्या वैधतेचा. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने तसा खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. शहरातील एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर फलक लावून बसलेल्या ‘केंद्रा’ला तो नाही. शिवाय विद्यापीठ खरे असले, तरी तेवढ्याने भागत नाही. दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने तो विशिष्ट अभ्यासक्रम त्या विशिष्ट वर्षी चालवण्यास आयोगाची मान्यता असावी लागते. ही यादी आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. २०२० च्या विनियमांनुसार अभ्यासक्रम दुसऱ्या खाजगी संस्थेला मक्त्याने चालवावयास देण्यास बंदी आहे. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याने स्वतःचा डीईबी आयडी काढणे सक्तीचे झाले आहे. तो क्रमांक न मागता जो कोणी प्रवेश देऊ करील, त्याच्या दारातून माघारी फिरावे.

ही सावधगिरी कोणास अतिरेकी वाटेल, तर त्याने सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०१७ मधील निकाल आठवावा. चार अभिमत विद्यापीठांनी आवश्यक पूर्वपरवानगीवाचून दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने स्थगित करून त्यांना पुन्हा परीक्षा देण्याची संधी दिली. त्यानंतरच्या प्रवेशांच्या पदव्या तर रद्दच झाल्या. चूक संस्थांची होती, भोगावे लागले विद्यार्थ्यांना. अगदी अलीकडे, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून, मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आहार व पोषण यांसारख्या आरोग्याशी निगडित विषयांना दूरशिक्षणाने नवे प्रवेश देण्यास आयोगाने मनाई केली आहे. गतवर्षी शेजाऱ्याला मिळालेला प्रवेश यंदा आपल्यालाही वैधपणे मिळेल, असे गृहीत धरू नये.

राज्याच्या सीमेचाही विचार करावयास हवा. राज्य विद्यापीठांच्या दूरस्थ अभ्यासक्रमांचे कार्यक्षेत्र सामान्यतः त्यांच्या राज्यापुरते असते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीतून शिक्षण देत आले आहे आणि गोव्यातील मराठी वाचकाला त्याचा ओढा वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याची अभ्यासकेंद्रे गोव्यात असल्याचे कोणी सांगितल्यास ते तपासून घ्यावे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे कार्यक्षेत्र देशभर असून त्याचे प्रादेशिक केंद्र गोव्यात आहे. ऑनलाइन पदव्यांना ही प्रादेशिक मर्यादा नाही. मान्यताप्राप्त दूरस्थ वा ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीच्या समकक्ष आहे, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. तेव्हा ‘टपालाने आणलेली पदवी’ म्हणून तिला नाक मुरडणाऱ्यांकडे लक्ष देण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न तासांचा, आणि आमच्या मते निवडीचे खरे मर्म येथेच आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रम साधारणतः ८० श्रेयांकांचा असतो आणि दूरशिक्षणात एका श्रेयांकास ३० तासांचा अभ्यास धरला जातो. म्हणजे एकूण २४०० तास. दोन वर्षांत हे उरकावयाचे, तर आठवड्याला २३ तास, म्हणजे एकही दिवस न चुकता रोज सव्वातीन तास हवेत. सकाळी सातला घर सोडून संध्याकाळी सातला परतणाऱ्या माणसाने, चतुर्थी आली, घरात आजारपण निघाले, मार्चअखेरीचा कचेरीतील धबडगा आला, तरी खंड न पाडता हे करावे, अशी अपेक्षा धरणे म्हणजे त्याला अपयशाच्या वाटेने पाठवणे होय. हेच तास चार वर्षांत वाटले, तर रोज सुमारे पावणेदोन तास पुरतात. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे एम. ए. किमान दोन आणि कमाल चार वर्षांत पुरे करता येते, याचे महत्त्व यावरून ध्यानी यावे. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी विचारावे: कमाल मुदत किती? एखादे सत्र चुकले, तर पुन्हा शुल्क भरावे लागेल काय? परीक्षा कोणत्या महिन्यांत, आणि त्यासाठी रजा मिळेल काय? जी संस्था या प्रश्नांची लेखी उत्तरे देते ती, आणि जी ‘सगळे होईल’ म्हणते ती, यांतील फरक सुज्ञांस सांगावयास नको.

नियमित महाविद्यालयात सकाळचे वा सायंकाळचे वर्ग मिळाले, तरी तासांचा हिशेब सुटत नाही. त्यात प्रवास मिळवावा लागतो. काणकोणहून ताळगावचे पठार सत्तर किलोमीटरांच्या आसपास आहे. जुवारीवर नवा पूल झाला तरी संध्याकाळच्या वर्गानंतर गावी पोहोचवणारी बस असेल तरच त्या वर्गाचा उपयोग. नामांकित पण दूरच्या महाविद्यालयापेक्षा जवळचे साधे महाविद्यालय नोकरदाराला अधिक मानवते, ते याच कारणाने. प्रवेश घेण्याआधी एकदा त्या वेळेला त्या मार्गाने प्रत्यक्ष जाऊन यावे. माहितीपत्रकात हे अंतर छापलेले नसते.

तिसरा प्रश्न शिक्षकाचा. पुस्तके आणि ध्वनिचित्रफिती आता सर्वत्र मिळतात; दुर्मीळ आहे तो शंका विचारता येईल असा माणूस. सुट्टीच्या दिवशी मार्गदर्शनाचे तास खरोखर होतात की केवळ वेळापत्रकात दिसतात, हे आधीच्या दोन-चार विद्यार्थ्यांना गाठून विचारावे. स्वाध्याय तपासून, शेरा लिहून परत मिळतात काय, हेही विचारावे. ग्रंथालयाचेही तसेच. पणजीच्या पाटो भागातील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पासूनची आहे आणि सभोवती सरकारी कचेऱ्या व बँका यांची दाटी आहे. तेथे नोकरी करणाऱ्याने दूरच्या विद्यापीठात नाव नोंदवले, तरी अभ्यासाची बैठक त्याला कचेरीपासून हाकेच्या अंतरावर मिळू शकते. ही अनुकूलता प्रत्येकाने आपापल्या तालुक्यात शोधावी.

पैशाविषयी दोनच गोष्टी सांगावयाच्या. शुल्कासाठी कर्जाच्या कागदावर सही करण्याची घाई करू नये. आणि मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही संस्थेच्या ताब्यात देऊ नयेत. ती ठेवून घेण्यास आयोगाने २०१८ मध्येच मनाई केली आहे. शासकीय सेवकांनी कार्यालयाची परवानगी प्रवेशापूर्वी लेखी घ्यावी. पुढे अर्धवेळ पीएच. डी. करण्याचा मानस असेल, तर २०२२ च्या विनियमांनुसार मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि अभ्यासास पुरेसा वेळ मिळेल, याची हमी त्यात असावी लागते. प्राध्यापकपदाची नेट परीक्षा मनात असेल, तर खुल्या वर्गासाठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात. घाईने दोन वर्षांत काठावर उत्तीर्ण होण्यापेक्षा सावकाश तीन-चार वर्षांत चांगले गुण मिळवणे हितावह, ते यासाठीही.

एवढे सारे विद्यार्थ्याला सांगून झाल्यावर आपल्या विद्यापीठाला आणि शासनालाही काही सांगणे भाग आहे. नोकरी करून शिकणारा माणूस हा अर्धा विद्यार्थी नव्हे. कर भरणारा, स्वतःच्या कमाईतून शुल्क देणारा आणि कोणी धाडले म्हणून नव्हे, तर स्वतःच्या ओढीने आलेला असा तो विद्यार्थी आहे. त्याच्यासाठी पणजी, मडगाव आणि म्हापसा येथे निवडक विषयांचे पदव्युत्तर वर्ग सायंकाळी सहानंतर भरवणे, महाविद्यालयांची ग्रंथालये रविवारी उघडी ठेवणे आणि वर्ग सुटण्याच्या वेळेला कदंबची एकेक बस पेडणे, वाळपई व काणकोणकडे सोडणे, यांत अशक्यप्राय असे काहीही नाही. इमारती आहेत, शिक्षक आहेत, रस्ते आहेत. संध्याकाळी कुलूप लागणाऱ्या वर्गखोल्या दोन तास अधिक उघड्या ठेवाव्यात, इतकेच आमचे मागणे आहे. येत्या शैक्षणिक वर्षात निदान एका केंद्रावर हा प्रयोग सुरू व्हावा.