वारसा दुखण्याचा की औषध न सोसण्याचा?

‘माझे हे दुखणे मुलांनाही होईल का?’ अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स, म्हणजे आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे निदान होताच रुग्णाच्या मनात हा प्रश्न उभा राहतो.

उत्तर बव्हंशी दिलासा देणारे आहे. या विकारांशी निगडित अशा 200 हून अधिक जनुकीय जागा ज्ञात आहेत. परंतु त्यांतील बहुतेकींचा वाटा अल्प असतो. एकसारख्या जुळ्या भावंडांची जनुके सारखीच असतात. तरीही एकास अल्सरेटिव्ह कोलायटिस झाला तरी दुसरे बहुधा त्यातून सुटते. रक्ताच्या नात्यात धोका वाढतो हे खरे. पण आहार, आतड्यांतील जीवाणू आणि परिसर यांचाही त्यात हात असतो.

औषधाच्या बाबतीत मात्र एखादेच जनुक निर्णायक ठरते. दाह आटोक्यात ठेवण्यासाठी अझाथायोप्रिन हे औषध दीर्घकाळ दिले जाते. पेशीत त्यापासून तयार होणारी प्रभावी द्रव्ये निष्प्रभ करण्याचे काम ‘एनयूडीटी-15’ या जनुकाच्या आज्ञेने बनणारे विकर करते. जनुकात दोष असल्यास विकर दुबळे पडते आणि नेहमीची मात्राही विषवत ठरते. काही आठवड्यांतच केस झुपक्याझुपक्याने गळतात, अस्थिमज्जा मंदावते, श्वेतपेशी घटतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो.

या दोषाचे महत्त्व 2014 मध्ये कोरियातील रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आले. युरोपीयांच्या तुलनेत भारतीयांत तो कितीतरी अधिक आढळतो. म्हणून औषध सुरू होण्यापूर्वीच या रक्ततपासणीविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे. ती आयुष्यात एकदाच करावी लागते. आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आले असेल, तर हे औषध सहसा टाळतात; एकाकडूनच आले असेल, तर कमी मात्रेने आरंभ करतात. अहवाल निर्दोष आला, तरी श्वेतपेशींची नियमित मोजणी चुकवू नये. औषध चालू असताना ताप आला, घसा दुखू लागला वा केस अचानक गळू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

दोष आढळल्यास भावंडांना आणि मुलांनाही तसे सांगून ठेवावे. दुखणे त्यांच्या वाट्याला येईलच असे नाही. परंतु औषध न सोसण्याचा हा वारसा येऊ शकतो, आणि तो वेळीच ठाऊक असणे हेच त्यांचे संरक्षण होय.